लवंग घातलेली काच

माझी नणंद कामावरून घरी आली की तिच्या चेहऱ्याकडे बघण्यात अर्थ नसतो, चपलांकडे बघायचं. दोन्ही चपला जोडीने, टाचा भिंतीला लावून ठेवलेल्या असल्या तर काच मिळाली. एक सुलटी आणि एक पालथी असली तर दाब चढता चढता कुठेतरी गळती झाली. आणि दोन चपला दोन दिशांना गेलेल्या असल्या तर समजायचं, आज फुटलं. अशा दिवशी पहिला कप चहा पोटात जाईपर्यंत आम्ही तिला काही विचारत नाही. सासूबाई मात्र विचारतात. त्यांना आईपणाचा अधिकार आहे आणि धीर अजिबात नाही.

घरात तिला चिमी म्हणतात. लहानपणी एवढीशी होती म्हणून पडलेलं नाव. आता पन्नाशी जवळ आली, चष्मा जाड झाला, केस पांढरे व्हायला लागले, पण नाव काही मोठं झालं नाही. गंमत अशी, की ही चिमी ज्या यंत्रावर काम करते ते हत्तीला कापडासारखं इस्त्री करून ठेवील असं आहे. विद्यापीठाच्या तळघरात बसवलंय. यंत्र चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मुकादम म्हणतात, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आधी वरच्या मजल्यावरच ठेवणार होते. पण म्हटलं, शेवटी खालीच यायचंय, तर जिन्याने आणा."

चिमीचं काम एका वाक्यात सांगता येतं. दगडाची भुकटी घ्यायची, ती वितळवायची, वितळलेली असतानाच प्रचंड दाबायची, आणि मग झटक्यात थंड करून तिची काच करायची. पृथ्वीच्या पोटात खोलवर जे घडतं ते तांदळाच्या कणीएवढ्या डबीत घडवायचं. हे सगळं कशासाठी? तर त्या रसातल्या लोखंडाचं काय होतं ते बघायला.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मीसुद्धा तिला विचारलं होतं, "दाबून लोखंडाचं काय व्हायचंय? आणखी घट्ट होईल, दुसरं काय."

ती मटार सोलत होती. म्हणाली, "वहिनी, दगडातलं लोखंड एकटं नसतं. ऑक्सिजनचा हात धरून असतं. कधी दोन हात पुढे करतं, कधी तीन. दोनहाती लोखंड असलं तर काच हिरवट दिसते. खिडकीच्या काचेची कड बघ, हिरवी असते ना, ती त्यामुळेच. तीनहाती वाढलं की काच तपकिरी होत जाते. तीनहाती म्हणजे जास्त गंजलेलं, असं समज."

"आणि दाबलं की?"

"थोडं दाबलं की तीनहाती कमी होतं. त्याला जागा जास्त लागते ना, गर्दीत हात आखडून घेतं." मग तिने एक शेंग चिमटीत धरून दाणे अंगठ्याने आणखी दाबले. "पण खूप, खूप दाबलं की उलटं होतं, असं मला वाटतं. आजूबाजूचे सगळेच घट्ट रचून बसतात, आणि त्या रचनेत तीनहाती जास्त नीट मावतं. मग तीन दोनहाती लोखंडं एकत्र येतात, त्यांची दोन तीनहाती होतात आणि एक जण सगळे हात सोडून नुसता धातू होऊन बाहेर पडतो. तीन दुणे सहा, दोन त्रिक सहा. हिशेब बरोबर."

"आणि तो बाहेर पडलेला?"

"तो जड. बुडतो. थेट पृथ्वीच्या मध्यापर्यंत. वर राहतो तो गंजका रस. पृथ्वी नवी होती तेव्हा ती अशा रसाचा समुद्रच होती म्हणतात. त्या रसातून कुठली हवा बाहेर पडली, श्वास कोंडणारी की पाण्याची वाफ असलेली, ते या हातांच्या हिशेबावर ठरतं."

तेव्हापासून गंजलेला विळा टाकून द्यायला निघाले की माझा हात जरा अडखळतो.

तर, "असं मला वाटतं" यातलं "वाटतं" काढून टाकायला चिमीला पुष्कळ वर्षं लागली. अखेर खूप मोठ्या दाबाखालून तिची काच तपकिरी निघाली. तिच्या सरांनी लगेच परदेशातल्या परिषदेत सांगायचं ठरवलं, आणि सांगायला चिमीच उभी राहणार असंही ठरलं. एरवी सर बोलतात आणि ती मागच्या रांगेत बसून चित्रं पुढे सरकवते. सासूबाईंनी ठेवणीतली साडी काढून उन्हात टाकली.

पण हेच काम करणाऱ्या दुसऱ्या एका गटाने शंका काढली. ते म्हणाले, तुम्ही सुरुवात केलीत ती तांबड्या, म्हणजे आधीच गंजलेल्या भुकटीपासून. ती बदलायला वेळच मिळाला नसेल. तांबडी होती, तांबडी राहिली, यात दाबाचं काय कौतुक?

मला वाटलं चिमी चिडेल. ती म्हणाली, "बरोबर बोलतायत."

या शास्त्रज्ञ लोकांची यावर एक पद्धत आहे. एकाच जागी दोन्ही बाजूंनी चालत यायचं. एका डबीत तांबडी भुकटी घालायची, दुसरीत करडी, जिच्यात बहुतेक सगळं लोखंड दोनहाती आहे. दोन्ही डब्या शेजारी शेजारी, त्याच दाबाखाली, त्याच आचेवर. सोबत एक धातू आणि त्याचाच गंज असं मिश्रण ठेवायचं. टाकीतला फ्लोट जशी पाण्याची पातळी धरून ठेवतो, तसं ते ऑक्सिजनची पातळी धरतं. शेवटी दोन्ही काचा एकाच रंगाच्या निघाल्या तर खरं. वेगळ्या निघाल्या तर इतक्या वर्षांचं "वाटतं" पुन्हा "वाटतं"च.

अडचण ठोकळ्यांची होती. डबीला चहूबाजूंनी दाबणारे ते कठीण धातूचे ठोकळे दर खेपेला थोडे दमतात. नवे यायला अवकाश होता, आणि परिषद तोंडावर आली होती. असलेला संच दाखवून मुकादम म्हणाले, "ही गाढवं एक ओझं नक्की नेतील. दुसऱ्याचं वचन मी देत नाही."

ज्या दिवशी तो प्रयोग लागला त्या संध्याकाळी चपला जोडीने, भिंतीला टेकून होत्या. दाब चढला, आच लागली, रस थिजला. आता फक्त दाब हळूहळू उतरवायचा होता. ते काम यंत्र रात्रभर आपलं आपण करतं आणि सकाळी डबी उघडायची. चिमी गुणगुणत जेवायला बसली.

यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "भाजीत मीठ घातलंयस का?"

"घातलं असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणजे?"

"अहो, हात आपोआप घालतो. तुमच्या जिभेला कळत नाहीये का?"

"कळतंय थोडं. म्हणून तर विचारतोय, घातलंयस की वाटतंय मला."

चिमीचा हात मध्येच थांबला. "वहिनी, घातलेलं आठवतंय तुला?"

"मीठ घातलेलं कुणाला आठवतं? विसरलेलं तेवढं आठवतं."

तिने घास ताटात ठेवला. मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाली, "मला दुसरी बाटली उघडलेली आठवत नाहीये."

झालं होतं असं. सकाळी तिने पहिली डबी भरली, तेवढ्यात सरांचा फोन आला, प्रवासाच्या तिकिटांचा. बोलून परत आली आणि दुसरी डबी भरली. एरवी एकाने बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने भरायचं असा त्यांचा नेम आहे. पण मुकादम यंत्रापाशी अडकले होते, म्हणून हिने एकटीनेच उरकलं.

"अगं, एक तांबडी, एक करडी," हे म्हणाले. "डोळ्यांना दिसलं असेल ना."

"दिसलं असेल, दादा. दिसलंच असेल. पण लक्षात नाही. आणि डबीत जाते ती भुकटी नखाच्या कडेवर राहील एवढी. बाटलीतली कमी झाली का, तेही कळायचं नाही."

"मग उद्या उघडल्यावर कळेल."

"तेच तर कळणार नाही," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आलं, रडू येण्याआधी येतं तसलं. "रंग वेगळे निघाले तर माझं म्हणणं चुकलं. रंग सारखे निघाले तर मी जिंकले, किंवा दोन्हीकडे एकच भुकटी घातली. जितकं छान जुळेल तितका संशय जास्त."

सासूबाई म्हणाल्या, "पण तू कशाला चुकशील?"

"आई, चुकणारी माणसं ठरवून चुकत नाहीत."

सकाळी स्कूटर मी चालवली. ती मागे बसून एकदाही "हळू" म्हणाली नाही, यावरून काय ते ओळखावं.

तळघरात मी आधी एकदाच गेले होते. तेलाचा वास, पायाखाली रबराची पट्टी, भिंतीवर हातोड्या आकारानुसार लावलेल्या, आणि मधोमध ते धूड, हिरव्या रंगाचं. मुकादमांनी आतून ठोकळ्यांचा गोळा काढला आणि ठोकळे एकेक करून सुटे केले. एकाच्या कडेला बारीक चीर गेली होती, ती त्यांनी नखाने मला दाखवली. चिमीने डब्या चिमट्याने उचलल्या, कापल्या, काच घासून पातळ केली. यात बराच वेळ गेला. मी एका स्टुलावर बसून पिशवीचे बंद विणत आणि उसवत होते. शेवटी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि मग उठून मला म्हणाली, "बघ."

दोन्ही तपकिरी. एकाच किटलीतून दोन कपांत ओतलेल्या चहासारख्या.

सर तोवर आले होते. त्यांनी बघितलं, चष्मा काढला, पुन्हा बघितलं. "जुळलं," म्हणाले. "आता बोला म्हणावं त्यांना."

चिमीने त्यांना सगळं सांगितलं. फोन, बाटली, न आठवणं. मुकादमांनी हातातलं फडकं घडी घालून ठेवलं आणि ते खाली बघत राहिले, जणू यंत्रापाशी अडकणं हा त्यांचाच गुन्हा होता.

सर माणूस चांगला. त्यांनी आवाज चढवला नाही. "इतक्या वर्षांत तू भरताना एकदाही चुकलेली नाहीस."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, सर? मीच ना?"

"संशयाला अंत नसतो. ठोकळ्यांची अवस्था बघ. पुन्हा लावलास आणि फुटलं, तर तू तिकडे काय घेऊन उभी राहणार? एक संशय असलेली काच आहे, तीही आपण होऊन मोडीत काढलेली. मग उभी तरी कशाला राहायचीस? नवे ठोकळे येईपर्यंत ते दुसरे लोक हेच करून मोकळे होतील."

"हो," चिमी म्हणाली. "उद्यापर्यंत विचार करते."

घरी आल्यावर चपला कशा ठेवल्या ते सांगायला नको. ठेवल्याच नाहीत. ती त्या घालूनच स्वयंपाकघरात आली.

आमच्याकडे चहाचे दोन थर्मास आहेत, अगदी एकसारखे; जोडीवर स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले. सासूबाईंना साखरेचा आजार, म्हणून एकात बिनसाखरेचा चहा असतो. घोटाळा नको म्हणून बिनसाखरेच्या थर्मासात मी एक लवंग टाकते. झाकण उघडलं, लवंग तरंगताना दिसली, की तो सासूबाईंचा.

मी चहा भरून ठेवला आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. तिथून मला चिमीचा आवाज आला.

"आई, काय करतेयस?"

"कुठे काय. चहा ओततेय."

"चमच्याने?"

मी दारात आले. सासूबाईंच्या हातातल्या चमच्यात ती लवंग होती. एका थर्मासातून काढून दुसऱ्यात टाकण्याच्या बेतात असताना त्या रंगेहाथ सापडल्या होत्या. साखरेच्या चहात लवंग टाकली की तो चहा आपोआप त्यांचा व्हायचा. किती दिवस चाललं होतं हे, देव जाणे. आणि मी आपली, आमचा चहा फिका लागला की साखर विसरले असेन म्हणून वरून घालत होते, आणि डॉक्टरांना विचारत होते, औषध लागू का पडत नाही.

"अहो आई," मी म्हटलं.

"एखादे दिवशी," सासूबाई म्हणाल्या. "जिभेला चव म्हणून. रोज नाही."

मला वाटलं चिमी आता आईची हजेरी घेणार. पण ती त्या चमच्याकडे टक लावून बघत होती.

"लवंग," ती म्हणाली. "आई, लवंग. पण अशी नाही. अशी काढता येते. वाटून घालायला हवी."

"वाटून कशाला? कडू होईल."

"तुझ्यात नाही गं."

बेत साधा होता. तांबड्या भुकटीत एक परका धातू नावापुरता मिसळायचा, जो लोखंडाच्या भानगडीत पडत नाही. तो भट्टीत एकजीव करायचा आणि ती भुकटी पुन्हा अकीक दगडाच्या खलात वाटायची. रंगावरून कळणार नाही, पण विभागातल्या दुसऱ्या एका यंत्राला तो धातू काचेच्या कणाकणात दिसेल. मग बाटली उघडलेली आठवो न आठवो. काचच सांगेल, मी अमुक घरची.

"म्हणजे पुन्हा लावणार," हे म्हणाले.

"हो."

"आणि फुटलं तर?"

"तर साडी घडी घालून ठेवायची, दादा. पण त्या पहिल्या काचेवर मी नाही उभी राहणार. समोरच्यांनी विचारलं नाही तरी मला ऐकू येत राहील."

या खेपेला मुकादम बाटलीवरचं नाव वाचायला शेजारी उभे राहिले, आणि इतक्या खणखणीत आवाजात वाचलं, म्हणे, की वरच्या मजल्यावरून कोणी तरी काय झालं म्हणून बघायला आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. एक चप्पल पायपुसण्याच्या पलीकडे जाऊन पडली, दुसरी छत्र्यांच्या डब्यात.

फुटलं होतं. दाब चढवताना नव्हे, उतरवताना, अगदी शेवटी. या यंत्रांची ही जुनी खोड. ओझं वाहताना काही बोलत नाहीत, उतरवताना लाथ मारतात. पण तोवर रस थिजून त्याची काच झालेली होती, फक्त तिचे तुकडे तुकडे झाले होते. सुरक्षेची माणसं येईपर्यंत तळघराला कुलूप लागलं होतं. त्याआधीच चिमीने आतला सगळा चुरा झाडून एका बिस्किटांच्या डब्यात भरून घरी आणला होता. डबा तिने पोटाशी धरला होता, लेकरासारखा.

"आई, चष्मा घे," ती म्हणाली. "निवडायचंय."

जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला. आधी फ्रीजवरचं चुंबक फिरवलं, त्याला ठोकळ्यांचे कण चिकटून आले. उरल्या त्या डबीभोवतीच्या पांढऱ्या मातीच्या कपच्या आणि कुठे कुठे डबीचे पत्रे. सासूबाई बोटाने एकेक ढीग बाजूला सारत होत्या, इतकी वर्षं खडे काढलेले त्यांचे डोळे. मी भुवयांचा चिमटा आणला होता. चिमी भिंग घेऊन बसली होती आणि तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

"हे बघ गं," सासूबाई म्हणाल्या. "खडीसाखरेसारखं. पण तपकिरी."

मग आणखी एक सापडला. मग मला दोन. हे नुसते उभे होते, त्यांना आम्ही श्वास सोडायचीसुद्धा मनाई केली होती. सगळे तुकडे एका बशीत जमले तेव्हा हे वाकून म्हणाले, "पण आता कुठला तुकडा कुठल्या डबीतला? सगळे तर सारखेच दिसतायत."

चिमीने भिंग खाली ठेवलं. "दिसू देत सारखे," ती म्हणाली. "तेच तर हवंय. बाकीचं लवंग बघेल."

दुसऱ्या दिवशी ती तुकडे घेऊन गेली. दुपारपर्यंत फोन नाही. सासूबाईंनी तीनदा पोळ्यांचा डबा उघडून झाकला. मी गॅलरी धुतली, ज्याची काही गरज नव्हती. यांचे कामावरून दोनदा "सहज" फोन येऊन गेले.

ती आली तेव्हा मी मुद्दाम दाराकडे गेले नाही. स्वयंपाकघरातून मान वाकडी करून फक्त खाली बघितलं. चपला जोडीने होत्या. टाचा भिंतीला. त्यातली एक जरा तिरकी वाटली असावी, कारण तिने वाकून ती हाताने सरळ केली.

काही तुकड्यांत लवंग होती, काहींत नव्हती. म्हणजे दोन घरं नक्की. आणि किरणांच्या यंत्राने हातांचा हिशेब मोजला तेव्हा दोन्ही घरांतलं लोखंड सारखंच निघालं, यंत्राच्या नजरेला फरक कळू नये इतकं. तांबडीपासून निघालेलं आणि करडीपासून निघालेलं, दोन्ही येऊन एकाच पायरीवर उभी होती. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "लवंग म्हणजे काय गं?" आणि तिने सांगितल्यावर ते बराच वेळ हसले, म्हणे. मुकादमांनी फुटलेल्या ठोकळ्याचा एक तुकडा धुऊन पुसून तिला दिला, तो आता आमच्याकडे चटणीच्या बरणीशेजारच्या कागदांवर वजन म्हणून असतो.

परिषदेत ती पुढच्या रांगेतून उठून बोलली. साडीच नेसली. शेवटी कुणी तरी विचारलं, खुणेची ही युक्ती कुठून सुचली, तर म्हणाली, आमच्या घरी एक गुन्हेगार आहे, तिच्यामुळे.

सासूबाईंना हे आवडलं नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे सांगतात. फक्त चहाची वेळ झाली की त्यांचा सूर बदलतो. कारण त्या दिवसापासून मी बिनसाखरेच्या थर्मासात लवंग वाटून घालते.

"शोध हिचा," त्या पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतात, "आणि शिक्षा मला."